गिथयांकींची धाड कशी चालवावी: डीएमसाठी (खेळ चालवणाऱ्यासाठी) टप्प्याटप्प्यानं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळाच्या टेबलावर गिथयांकी ही परक्या विश्वातली लढवय्यी जमात आली की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. पाचसहा पिवळट कातडीचे योद्धे झाडीतून बाहेर पडतात, समोर रांग धरून तलवारी चालवतात, शेवटचा माणूस पडेपर्यंत लढतात. खेळाडू त्यांना दरोडेखोरांच्या खात्यात जमा करून पुढे निघतात. पुस्तकातले आकडे यात कमी पडत नाहीत. गडबड होते ती तयारीच्या क्रमात. डीएम आधी लाल ड्रॅगन ठरवतो, मग संख्या, मग नकाशा, आणि हे लोक इथं का आलेत हा प्रश्न सगळ्यात शेवटी. हाच क्रम उलटा करायचा आहे.

खालचे सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत. नवीन मॉन्स्टर मॅन्युअल वापरत असाल तर त्यातलं पान उघडून आकडे तपासा. दोन पुस्तकांतली पानं एकाच लढाईत मिसळू नका.

## टप्पा १: आधी हुकूम लिहा

गिथयांकी अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये, मर्त्य जगापलीकडच्या विश्वात, राहतात. मेलेल्या देवाच्या कलेवरावर उभं असलेलं टुनारथ ही त्यांची राजधानी आणि लिच (मरणानंतरही जादूनं टिकून राहिलेली जादूगार) झालेली व्लाकिथ ही त्यांची राणी. अशा समाजातला योद्धा सहज फिरत फिरत तुमच्या जंगलात येत नाही. त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं. म्हणून कागदावर पहिलं वाक्य हे लिहा: कुणी पाठवलं, काय आणायचं किंवा कुणाला संपवायचं, आणि किती वेळात.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. माइंड फ्लेअर हे मनावर ताबा मिळवणारे राक्षस त्यांचे जुने मालक, आणि त्या गुलामगिरीचा सूड हा गिथयांकींच्या जगण्याचा कणा आहे. त्यामुळे माइंड फ्लेअरचा माग हे सगळ्यात स्वाभाविक कारण. दुसरं, परक्याच्या हाती गेलेली चांदीची तलवार, म्हणजे त्यांच्या वरच्या हुद्द्यांची खास तलवार. तिसरं कारण डीएम क्वचितच वापरतात, आणि मला तेच सगळ्यात कसदार वाटतं. अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये वय वाढत नाही, त्यामुळे पोरांना तिथं वाढवता येत नाही. अंडी उबवायला आणि मुलांना तयार करायला त्यांना मर्त्य जगात लपलेली ठाणी ठेवावी लागतात. अशा ठाण्याच्या जवळून तुमच्या खेळाडूंची वाट गेली, की धाडीचं कारण आपोआप तयार होतं.

या लेखासाठी एक उदाहरण धरू. डोंगरावरच्या मठात एक भिक्षू आहे. त्याच्या स्वप्नात माइंड फ्लेअर बोलतो. गिथयांकींचा हुकूम: भिक्षूला जिवंत उचला, ओढ्यापलीकडच्या पोर्टलपर्यंत आणा, उजेड संपायच्या आत परत या. खेळाडू त्याच दिवशी मठात मुक्कामाला आहेत.

तपासा: हुकुमात खेळाडूंना मारणं हे मुख्य काम आहे का? असेल तर पुन्हा लिहा. खेळाडू वाटेत आले म्हणून लढाई व्हावी.

## टप्पा २: योद्ध्याचं पान नीट वाचा

साध्या गिथयांकी योद्ध्याचं पान छोटं आहे, आणि म्हणूनच लोक ते घाईनं वाचतात. सीआर (आव्हानाचा दर्जा) ३, एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १७, हिट पॉइंट (जीव) ४९, चाल एका वळणात ३० फूट. एका वळणात मोठ्या तलवारीचे दोन वार, प्रत्येकी फाशात +४. लागलेला वार सरासरी ९ कापाचं आणि वर ७ सायकिक (मनावरचं) नुकसान करतो. शिवाय मनाच्या बळावर अदृश्य मेज हँड (दूरून वस्तू हलवणारा जादूचा हात) हवी तेव्हा, आणि जम्प (उडी वाढवणारी जादू), मिस्टी स्टेप (क्षणात तीस फुटांपर्यंत दुसऱ्या जागी जाणं) व नॉनडिटेक्शन (जादूच्या शोधापासून लपणं) हे प्रत्येकी दिवसातून तीनदा. नॉनडिटेक्शन फक्त स्वतःवर.

वहीत ठळक अक्षरांत उतरवून ठेवाव्यात अशा गोष्टी:

अंधारात दिसत नाही. योद्ध्याला डार्कव्हिजन नाही. मध्यरात्री काळोखात धाड टाकणारे गिथयांकी म्हणजे आंधळी फौज. मिस्टी स्टेपलाही दिसणारी जागाच लागते, त्यामुळे अंधार किंवा धुकं पडलं की त्यांचं मोठं हत्यार हातातून जातं.

दूरचं हत्यार नाही. धनुष्य नाही, भालाही नाही. मोकळ्या माळावर शंभर फुटांवरून चालत आणलंत, तर ते पोचायच्या आत बाणांनी पडतील.

चिलखत वाजतं. हाफ प्लेटमुळे लपण्याच्या फाशावर (दोन फासे टाकून कमी आकडा घेण्याचा) डिसअ‍ॅडव्हान्टेज. दबक्या पावलांच्या भरवशावर योजना आखू नका.

मंत्राला ना शब्द ना हातवारे. त्यांच्या मनोबलाच्या जादूला कुठलाच कॉम्पोनंट (शब्द, हातवारे किंवा साहित्य) लागत नाही. आवाज बंद करणाऱ्या सायलेन्सनं ती अडत नाही. आणि जी जादू होताना दिसतच नाही तिच्यावर दुसऱ्याची जादू तोडणारा काउंटरस्पेलही टाकता येत नाही. खेळाडूनं काउंटरस्पेल म्हटलं तर स्लॉट (जादूचा मोजका साठा) खर्च करायला लावू नका. त्याला काहीच घडताना दिसलं नाही, असं सांगा. अँटिमॅजिक फील्डमध्ये मात्र ही जादू बंद पडते.

भाषा एकच. योद्ध्याला फक्त गिथ येते. कॉमन या सार्वत्रिक भाषेत लांबलचक धमक्या देणारा योद्धा पुस्तकात नाही.

सावधान: योद्ध्याची तलवार साधी आहे. सायकिक नुकसान दिसलं की डीएम तिला चांदीची तलवार समजतात, आणि लढाई संपली की खेळाडूंच्या पदरात तीन चांदीच्या तलवारी पडतात. ती तलवार नाइट आणि त्यावरच्या हुद्द्यांचीच.

## टप्पा ३: संख्या ठरवा

इथं हात आखडता ठेवा. एक योद्धा ७०० एक्सपीचा (अनुभवाचे गुण). एकापेक्षा जास्त शत्रू असले की नियम ही बेरीज वाढवतो. तिसऱ्या पातळीच्या चार खेळाडूंसाठी एकटा योद्धा मध्यम लढाई होतो, पण दोन आले की बेरीज १४००, दीडपटीनं २१००, आणि त्या पातळीची प्राणघातक रेषा १६०० वर आहे. पाचव्या पातळीच्या चौघांसाठी दोन योद्धे मध्यम. तीन योद्ध्यांचे दुपटीनं ४२०० होतात, म्हणजे अवघड आणि ४४०० च्या प्राणघातक रेषेला खेटून. चार योद्धे थेट ५६००.

या आकड्यांमागचं खरं कारण नुकसानात आहे. पाचव्या पातळीच्या विझर्डचं (जादूगाराचं) कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा टिकाव) +२ असेल, तर सरासरीनं त्याचे हिट पॉइंट ३२ भरतात. एका योद्ध्याचे दोन्ही वार लागले तर सरासरी ३२. पूर्ण ताजा विझर्ड एका योद्ध्याच्या एका वळणात शून्यावर येऊ शकतो. मेज आर्मर हे जादूचं कवच घालून एसी १५ असेल तर दोन्ही वार लागण्याची शक्यता चारात एक. हे माहीत असूनच तीन योद्धे टेबलावर ठेवा.

बार्बेरियन असलेल्या गटात आणखी एक गोष्ट: रेजमध्ये (संतापाच्या भरात) कापाचं नुकसान अर्धं होतं, सायकिक होत नाही. अस्वलाचं टोटेम घेतलेल्यालाही सायकिकपासून सूट नाही. त्याला १६ ऐवजी ११ लागतील. हे त्या खेळाडूला आधी खुणेनं कळू द्या, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

नाइट आणायचा असेल तर आठव्या पातळीपर्यंत थांबा. तो सीआर ८, ३९०० एक्सपीचा. आठव्या पातळीच्या चौघांसमोर एक नाइट आणि एक योद्धा ही अवघड लढाई आहे. दुसरा योद्धा जोडलात की १०,६०० होतात, आणि प्राणघातक रेषा ८४०० वरच संपलेली असते.

आमच्या मठासाठी: पाचव्या पातळीचे चार खेळाडू, तीन योद्धे. एक पकडणारा, दोन अडवणारे. ही कामं आत्ताच वाटून टाका.

## टप्पा ४: जागा आखा

गिथयांकींची मजा उंचीत आहे, आणि सपाट चौकोनी नकाशा ती मारून टाकतो. नकाशावर निदान एक भिंत, एक गच्ची किंवा बुरूज, आणि दृष्टी अडवणारं काहीतरी हवंच.

जम्प या जादूबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून आलेल्यांना तिथली उडी सवयीची असते, आणि ती टेबलावरच्या नियमाशी जुळत नाही. टेबलावर उडीचं प्रत्येक फूट चालीतून वजा होतं. योद्ध्याची स्ट्रेंग्थ (ताकद) १५, म्हणजे धाव घेऊन लांब उडी १५ फूट, जम्पनं तिप्पट ४५. पण चाल ३० आणि त्यातले १० धावण्यात गेले, म्हणून प्रत्यक्षात २० फुटांवर पाय टेकतो. ४५ फुटांची दरी त्या वळणात पार होत नाही.

उंच उडीत मात्र जम्प सोनं आहे. धाव घेऊन ५ फूट, तिप्पट १५. दहा फूट धाव, पंधरा फूट वर, आणि भिंतीवर उभं राहिल्यावरही पाच फूट चाल शिल्लक. म्हणून मठाची भिंत मी १५ फुटांची आखतो. उतरताना ही जादू कामाला येत नाही. १५ फुटांवरून पडलं तर १डी६ लागतोच. तिथं मिस्टी स्टेप.

तपासा: बाहेर पडायची वाट नकाशावर आहे का? किती फूट आहे? आमच्या मठात अंगणापासून मागच्या दरवाजापर्यंत ६० फूट.

## टप्पा ५: चाहूल द्या

आदल्या सेशनमध्ये दोन खुणा पुरतात. डोंगरवाटेवर डोकं उडवलेला माइंड फ्लेअर, आणि दगडावर कोरलेली गिथयांकींच्या तिर्सू लिपीची वर्तुळाकार अक्षरं. गटात कुणी डिव्हिनेशन (जादूनं माग काढणं) करणारा असेल तर नॉनडिटेक्शनचा उपयोग इथंच करा. जादू आठ तास टिकते, धाडीआधी ती चढवलेली असणारच. जीव शोधणारी लोकेट क्रीचर ही जादू त्यांच्यावर चालत नाही. खेळाडूला ‘काही सापडत नाही’ एवढंच कोरडं उत्तर देऊ नका. तिथं माणसं असायला हवीत आणि जादूला तिथून रिकामा हात मिळतोय, असं वर्णन करा.

## टप्पा ६: पहिल्या तीन फेऱ्या

लढाईचा निकाल इथंच लागतो, म्हणून योद्ध्यांच्या चाली आधी लिहून ठेवा. मुख्य नियम एकच: प्रत्येकाकडे तीन मिस्टी स्टेप. एक आत शिरायला, एक मधे जागा बदलायला, एक निसटायला. तिसरी राखीव. ती लढाईत खर्च केलीत की धाडीची साधी मारामारी झाली.

वेळ संध्याकाळची. उजेड अजून आहे, म्हणून डार्कव्हिजन नसल्याचं अडत नाही. मठाची घंटा वाजतेय, म्हणून चिलखताचा आवाज झाकला जातो. हुकूम देणाऱ्यानं ही वेळ मुद्दाम निवडलीय.

शून्य फेरी, भिंतीबाहेर. तिघं स्वतःवर जम्प चढवतात. यात त्यांची अ‍ॅक्शन (वळणातली मुख्य कृती) जाते, परिणाम एक मिनिट टिकतो. याच वेळी खेळाडूंच्या पॅसिव्ह परसेप्शनसमोर (सहज लक्षात येण्याचा आकडा) योद्ध्यांचा लपण्याचा फासा टाका. घंटेमुळे त्यांचा डिसअ‍ॅडव्हान्टेज काढायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी काढतो.

पहिली फेरी. दहा फूट धाव, पंधरा फूट उडी, तिघं भिंतीवर. बोनस अ‍ॅक्शननं (जादा छोटी कृती) मिस्टी स्टेप, तीस फुटांत दिसणाऱ्या जागी अंगणात. अ‍ॅक्शन अजून हातात आहे, म्हणून लगेच दोन वार. घंटेचा एक ठोका आणि दुसरा ठोका यांच्यामध्ये तीन चिलखती माणसं अंगणात उभी आहेत. खेळाडूंसमोर हा क्षण अर्ध्या वाक्यात उरकू नका. भिंतीवर सावली, मग रिकामी भिंत, मग कानाशी तलवारीचा वारा.

अडवणारे दोघं भिक्षू आणि खेळाडू यांच्यामध्ये उभे राहतात. पकडणारा भिक्षूवर जातो. साध्या माणसाचे हिट पॉइंट ४. जवळच्या वारानं शून्यावर आणताना मारायचं की बेशुद्ध करायचं, हे मारणारा ठरवतो. हुकूम जिवंत आणायचा आहे, म्हणून बेशुद्ध.

दुसरी फेरी. पकडणारा भिक्षूला घेऊन दरवाजाकडे निघतो. इथं सगळ्यात मोठी चूक होते: डीएम त्याला कैद्यासकट मिस्टी स्टेप करू देतात. ती जादू फक्त करणाऱ्याला नेते. कैद्याला ओढत न्यायचं म्हणजे चाल अर्धी, १५ फूट. कैदी बेशुद्ध असला तरी मी हाच नियम लावतो. डॅश (वार सोडून दुप्पट चाल) केला तर ३०. म्हणजे साठ फुटांना पूर्ण दोन फेऱ्या डॅश, आणि त्या काळात तो वार करू शकत नाही. खेळाडूंची संधी हीच. ती त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका.

तिसरी फेरी. अडवणाऱ्यांपैकी एक दुसरी मिस्टी स्टेप वापरतो. बोनस अ‍ॅक्शनचे ३० आणि चालीचे ३० मिळून तो साठ फुटांवरच्या माणसापर्यंत पोचून वार करू शकतो. तो विझर्डच निवडेल असं नाही. कैद्याची वाट जो अडवतोय तो आधी. कुणीच अडवत नसेल, तर जादू टिकवण्यासाठी कॉन्सन्ट्रेशन धरून बसलेला.

सावधान: तिघांना कधीच वीस फूट त्रिज्येच्या गोलात उभं करू नका. एक फायरबॉल सरासरी २८ देतो, दुसरा त्यांना संपवतो.

खेळाडूंनी वेब (जादूचं जाळं) टाकलं किंवा कुणी धरून ठेवलं, तर मिस्टी स्टेपनं योद्धा सुटतो. जागीच जखडणाऱ्या होल्ड पर्सनमध्ये सुटत नाही, कारण पॅरलाइझ झालेल्याला बोनस अ‍ॅक्शनच नसते. सेव्हचा (जादू टाळण्याच्या फाशाचा) आकडा १५ असेल तर त्याचा +३ चा फासा निम्म्याहून जास्त वेळा फसतो. कुणी हे केलं तर त्याला त्याचं पूर्ण फळ मिळू द्या.

## टप्पा ७: माघारीची अट

ही अट लढाईआधी लिहा, कारण फासे पडायला लागले की डीएमच्या हातून माघार होत नाही. माझ्या वहीत तीन ओळी असतात: कैदी दरवाजाबाहेर गेला, किंवा तिघांपैकी दोघं पडले, किंवा चार फेऱ्या झाल्या. यातलं पहिलं जे घडेल त्या क्षणी उरलेले वार करतात, राखीव मिस्टी स्टेप घेतात आणि उरलेली चाल चालतात. टेलिपोर्टवर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर फुकटचा वार) मिळत नाही, हे खेळाडूंना एकदा शांतपणे सांगा.

नाइट असेल तर त्याच्याकडे दिवसातून एकदा प्लेन शिफ्ट (दुसऱ्या विश्वात नेणारी जादू) आहे. स्वतः आणि राजीखुशीनं येणारे आठ जण, सगळ्यांनी हात धरून कडं केलेलं. म्हणजे योद्ध्यांना आधी त्याच्याभोवती गोळा व्हावं लागतं. ती एक फेरी खेळाडूंना दिसली पाहिजे: लढणारे अचानक मागे सरतात, हात हातात घेतात. मनानं माणसं-वस्तू हलवणाऱ्या नाइटच्या टेलिकिनेसिसचाही मोह आवरा. त्यासाठी दर वळणाला अ‍ॅक्शन लागते, आणि तेवढ्यात त्याचे सरासरी २३ चे दोन वार वाया जातात. एखाद्याला कड्यावरून बाहेर धरायचं असेल तरच वापरा.

पळालेल्या शत्रूचे एक्सपी कापू नका. भिक्षू वाचला असेल तर पूर्ण द्या.

## टप्पा ८: जिवंत सापडलेला योद्धा

खेळाडू एकाला पकडतील, हे धरून चाला. त्याला कॉमन येत नाही, त्यामुळे टंग्ज किंवा कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस या भाषेच्या जादूंशिवाय चौकशी होत नाही. दुसरीनं फक्त त्याचं बोलणं कळतं, त्याला विचारता येत नाही. नॉनडिटेक्शन उतरेपर्यंत विचार वाचणारी डिटेक्ट थॉट्स त्याच्यावर चालत नाही. बांधून ठेवलं तरी डोळे उघडे असले आणि मिस्टी स्टेप शिल्लक असली, तर तो खिडकीबाहेर जाईल. डोळ्यांवर पट्टी बांधण्याचं कुणाला सुचलं तर ते चालू द्या.

बोलू लागला तर तो काय सांगेल? खेळाडूंशी त्याचं वैर नाही. भिक्षूच्या डोक्यात कोण बोलतंय हे त्याला माहीत आहे, आणि तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. इथं गिथयांकी दरोडेखोरांपासून वेगळे होतात. भिक्षूला हवाली करायचं, माइंड फ्लेअरला एकत्र मारायचं, की दोघांशीही लढायचं, हा प्रश्न खेळाडूंसमोर ठेवा आणि गप्प बसा.

गटात कुणाचं पात्रच गिथयांकी असेल, तर धाडीच्या आधी त्या खेळाडूशी वेगळं बोला. व्लाकिथची आज्ञा मोडणं त्याच्या लोकांत काय समजलं जातं, हे त्याला ठाऊक हवं. निर्णय त्याचा.

## टप्पा ९: ड्रॅगन, अ‍ॅस्ट्रल आणि तलवार

लाल ड्रॅगन आणि गिथयांकी यांच्यात करार आहे. ड्रॅगन घोडा नाही, तो स्वतःच्या बुद्धीनं वागतो आणि स्वतःच्या वळणावर खेळतो. तरुण लाल ड्रॅगनची आग सरासरी ५६. वर मोजलेला ३२ चा विझर्ड सेव्ह जमला तरच वाचतो, तोही चार हिट पॉइंटांवर. पाचव्या पातळीला ड्रॅगन आकाशात घिरट्या घालू दे, खाली उतरवू नका.

खेळाडू त्यांचा माग काढत अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये गेले तर चालीचं गणित बदलतं. तिथं इंटेलिजन्सच्या तिप्पट फूट. योद्ध्याची १३, म्हणजे ३९ फूट. इंटेलिजन्स ८ असलेला फायटर २४ वर रेंगाळतो. सगळ्यांची नवी चाल सेशनआधी कागदावर काढून द्या.

चांदीची तलवार चांदीची दोरी, म्हणजे शरीर मागे ठेवून आलेल्याला त्याच्या शरीराशी बांधणारी दोरी, कापते, पण कुणाची? अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शननं आलेल्याचीच, आणि नाइटचा क्रिटिकल (फाशाचा सर्वोत्तम वार) पडला तरच. प्लेन शिफ्टनं किंवा पोर्टलमधून सदेह आलेल्या पात्राला दोरीच नसते. या चुकीनं चांगली पात्रं विनाकारण मेली आहेत.

खेळाडूंनी नाइटला मारून तलवार घेतली, तर त्यांना ती घेऊ द्या, आणि त्याच रात्री टप्पा १ चा कोरा कागद पुन्हा पुढ्यात घ्या. नवा हुकूम: तलवार परत आणा. या वेळी येणाऱ्यांना गटाची पातळी, विझर्डचा फायरबॉल आणि कोण कुठं झोपतं हे माहीत असेल, कारण मठातून जो निसटला तो सगळं सांगून बसलाय.